पेपर स्क्रीनवर आला, पण परीक्षेत नेमकं काय बदललं?

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्याच शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. इंजिनिअरिंगचे पेपर त्याआधीपासून असे तपासले जात होते, त्यामुळे कल्पना अगदीच नवखी नव्हती. नवा होता तो आवाका. पावणेपाचशेच्या आसपास परीक्षा आणि सतरा लाखांच्या घरात उत्तरपत्रिका. निर्णय झाला, निविदा निघाली, कंपनी ठरली, पण तोवर परीक्षांचा हंगाम सुरूही झाला होता. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. जुलै निम्मा सरला तरी बहुतेक निकालांचा पत्ता नव्हता. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घालून दिली. प्राध्यापकांना पेपर तपासायला वेळ मिळावा म्हणून कॉलेजांचे तास बंद ठेवले गेले. तीही मुदत उलटली आणि विधी शाखेसारख्या काही शाखांचे निकाल त्यानंतरही लांबत राहिले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

या प्रकरणातून लोकांच्या मनात पक्कं बसलं ते एवढंच, की ऑनलाइन म्हणजे गोंधळ. गंमत अशी की पडद्यावर तपासण्याची पद्धत त्यानंतरही तिथे टिकली, आणि आज ती अनेक विद्यापीठांत रुळली आहे. बेळगावचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठही पेपर डिजिटल पद्धतीने तपासतं. मग बिघडलं काय होतं? ते समजायचं तर आधी हे काम चालतं कसं, ते बघायला हवं.

एक खुलासा आधीच करतो. ‘ऑनलाइन परीक्षा’ या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. पहिलीत विद्यार्थी कागदावरच लिहितो आणि फक्त तपासनीस पडद्यावर वाचतो. दुसरीत विद्यार्थी संगणकावर पर्याय निवडतो आणि गुण यंत्र देतं. तिसरीत विद्यार्थी उत्तर टाइप करतो आणि ते माणूस तपासतो. तिघींचे फायदे वेगळे, तोटेही वेगळे. पालकसभेत किंवा टीव्हीवर वाद रंगतो तेव्हा एकजण पहिलीबद्दल बोलत असतो, दुसरा दुसरीबद्दल.

गठ्ठ्यापासून गुणांपर्यंत

पडद्यावरच्या तपासणीसाठी उत्तरपत्रिकेवर बारकोड लागतो. पुरवणी घेतली तर तिच्यावरही असतो, आणि ती मूळ उत्तरपत्रिकेशी जोडली गेली पाहिजे. सीट नंबर असलेला भाग झाकला किंवा वेगळा केला जातो, म्हणजे तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळत नाही. मग गठ्ठे स्कॅनिंग केंद्रावर येतात. तिथे उत्तरपत्रिकेची शिवण कटरने कापतात, कारण स्कॅनरला सुटी पानं लागतात. दोन्ही बाजू स्कॅन होतात, पानांचा क्रम जुळवला जातो, प्रतिमा सर्व्हरवर चढतात. कॅप केंद्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती पेपर तपासणी केंद्रावर, प्राध्यापक लॉगिन करतात. पडद्याच्या एका बाजूला पान दिसतं आणि दुसऱ्या बाजूला प्रश्नांच्या चौकटी असतात. पाच गुणांच्या प्रश्नाच्या चौकटीत सात टाकायला गेलात तर ते जातच नाही. ‘कोणतेही चार सोडवा’ असताना मुलाने पाच सोडवले असतील तर बहुतेक प्रणाली जास्तीत जास्त गुणांचे चार आपोआप धरतात. शेवटचं पान बघितल्याशिवाय पेपर ‘सबमिट’ होत नाही. बेरीज यंत्र करतं आणि गुण थेट निकालपत्रकात जातात.

ज्यांनी जुन्या पद्धतीने पेपर तपासले आहेत त्यांना यातली प्रत्येक सोय कशावरचा उतारा आहे ते लगेच कळेल. बेरीज चुकणं, मागच्या पानावरचं उत्तर नजरेतून निसटणं, पुरवणी तपासायचीच राहणं, पेपरवरचे ६२ गुण मार्कलिस्टवर २६ म्हणून उतरणं. पुनर्मूल्यांकनात जे गुण वाढून येतात त्यातला काही हिस्सा असल्या कारकुनी चुकांचा असतो, आणि तो पडद्यावरच्या तपासणीने खरोखर आटतो. गठ्ठे एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची गरज उरत नाही. छायाप्रत मागणाऱ्या मुलाला ती चटकन देता येते.

आता २०१७ चा घोळ याच साखळीवर ठेवून बघा. प्रत्येक उत्तरपत्रिकेची चाळीस पानं धरली, तर सतरा लाख उत्तरपत्रिकांची पावणेसात कोटींहून जास्त पानं होतात. ती काही आठवड्यांत कापायची, स्कॅन करायची, जुळवायची आणि योग्य विषयाच्या योग्य तपासनिसाच्या खात्यात टाकायची. यात पडद्यावर वाचण्याचा भाग सर्वांत सोपा. अवघड होतं ते आधीचं, म्हणजे कोणता प्राध्यापक कोणता विषय तपासण्यास पात्र आहे याची बिनचूक यादी, प्रत्येक पेपरच्या गुणविभागणीचा साचा, पुरवणी आणि मूळ उत्तरपत्रिका यांची जोडी. ही तयारी एखाद्या सत्राला, एखाद्या शाखेवर करून बघायची असते. सगळ्या शाखा एकदम उचलल्या की एका यादीतली चूक हजारो पेपर अडवते. तंत्रज्ञान नापास झालं असं म्हणणं सोपं आहे. माझ्या मते नापास झालं ते वेळापत्रक.

पण पडद्याला एक गोष्ट मुळीच जमत नाही. दहा गुणांच्या उत्तराला सहा द्यायचे की आठ, हा निर्णय. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांना तपासायला दिली. शंभरपैकी गुण आले तिशीच्या आतपासून नव्वदीच्या पुढेपर्यंत. तेही भूमितीत, जिथे मतभेदाला जागा कमी असं आपण समजतो. इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या पेपरचं काय होत असेल, याची कल्पना करा. तीच उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर दाखवली म्हणून हा फरक मिटत नाही.

तो कमी करायला मात्र पडद्याचा उपयोग करून घेता येतो, आणि इथेच बाहेरच्या मंडळांनी बाजी मारली आहे. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांत तपासनिसाच्या रांगेत अधूनमधून असे पेपर सोडले जातात, ज्यांचे गुण ज्येष्ठ तपासनिसांनी आधीच ठरवलेले असतात. तपासणाऱ्याला ते ओळखू येत नाहीत. त्याचे गुण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की त्याला थांबवतात आणि त्याच्याशी बोलतात. दुसरी युक्ती प्रश्नवार तपासणीची. एका प्राध्यापकाने शेकडो मुलांचा फक्त तिसरा प्रश्न तपासायचा. पहिल्या प्रश्नाचं सुरेख अक्षर बघून चौथ्या प्रश्नाला सैल हाताने गुण देणं, किंवा पहिल्याच पानावर वैतागून पुढचा सगळा पेपर कडक तपासणं, हे दोन्ही त्याने टळतं. कागदी गठ्ठ्यात हे जवळपास अशक्य होतं. पडद्यावर ते चार सेटिंगांचं काम आहे. आपल्याकडे बहुधा अख्खा पेपर एकाच तपासनिसाकडे जातो, जुन्या गठ्ठ्यासारखाच.

पन्नास प्रश्न, एक तास

दुसऱ्या प्रकारची, म्हणजे यंत्राने तपासायची परीक्षा आपल्या विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर आली ती कोरोनात, आणि तीही नाइलाजाने. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्याच नव्हत्या. विद्यापीठ अनुदान आयोग त्या घ्याच म्हणत होता. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील, पण परीक्षेविना पदवी देता येणार नाही. मग महिन्या-दीड महिन्यात बहुपर्यायी प्रश्नांची पेढी उभी राहिली. जन्मभर ‘सविस्तर उत्तरे लिहा’ असे पेपर काढलेल्या प्राध्यापकांना शेकड्यांनी एमसीक्यू काढायला बसवलं गेलं. त्या वर्षीच्या निकालांवर पुढे बरेच विनोद झाले. मला ते विनोद प्राध्यापकांवर अन्याय करणारे वाटतात, कारण बहुपर्यायी प्रश्न काढणं ही शिकायची कला आहे आणि ती कुणी शिकवलीच नव्हती.

आधी अंदाजपंचेचं गणित बघू. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, उणे गुण नाहीत, पास व्हायला वीस बरोबर हवेत. डोळे मिटून टिकमार्क करणाऱ्याचे सरासरी साडेबारा बरोबर येतील. नशिबाच्या जोरावर तो वीसपर्यंत पोचण्याची शक्यता शेकडा एक-दोनच. म्हणजे निव्वळ नशिबावर सहसा कुणी पास होत नाही. पण चारपैकी दोन पर्याय उघडच हास्यास्पद असतील तर? मग साडेबाराचे सरासरी पंचवीस होतात आणि विषयाचं पुस्तक न उघडलेला मुलगा आरामात पास होतो. घाईत काढलेल्या पेपरमध्ये नेमकं हेच होतं. खरं उत्तर आणि एक बरा पर्याय सुचतो, उरलेल्या दोन जागा ‘वरीलपैकी नाही’ आणि अशाच कशानेतरी भरल्या जातात.

उणे गुणांनी हे पूर्ण सुटत नाही. चार पर्यायांत चुकीला एक तृतीयांश गुण वजा केला तर आंधळ्या अंदाजातून हाती काही उरत नाही. पण दोन पर्याय काढून टाकता आले की तिथेही अंदाज फायद्याचाच ठरतो. नीटमध्ये बरोबरला चार आणि चुकीला उणे एक असतो. तिथे तर आंधळा अंदाजही प्रश्नामागे सरासरी पाव गुण देऊन जातो.

प्रश्न कसा असावा याचं एक उदाहरण. ‘रेपो दर कोण ठरवतं?’ आणि खाली चार संस्थांची नावं. हा प्रश्न घरी बसलेल्या मुलाला मोबाइलवर पाच सेकंदांत सापडतो आणि वर्गातल्या मुलाला पाठांतराने येतो. आता हा दुसरा. ‘रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने वाढवला. अ ने बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज घेतलं आहे. ब ची तीन वर्षांची मुदत ठेव गेल्या महिन्यात सुरू झाली. क पुढच्या महिन्यात नवी मुदत ठेव करणार आहे. नजीकच्या काळात कुणाकुणावर परिणाम संभवतो?’ पर्याय: फक्त अ, अ आणि क, अ आणि ब, तिघांवरही. इथे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज आहे. ‘अ आणि ब’ निवडणाऱ्याला मुदत ठेवीचा दर मुदतीपर्यंत बांधलेला असतो हे ठाऊक नाही. ‘फक्त अ’ निवडणाऱ्याला दरवाढ कर्जापुरतीच वाटते. म्हणजे चुकीच्या उत्तरातूनही शिक्षकाला काहीतरी कळतं. असा एक प्रश्न काढायला अर्धा तास सहज जातो. पन्नास प्रश्नांच्या, म्हणजे पंचवीस तासांच्या कामाला एका प्रश्नपत्रिकेचं मानधन किती मिळतं ते इथे न लिहिलेलंच बरं.

सर्व्हरवर पडून असलेलं धन

माझ्या मते यंत्रावर परीक्षा घेण्याचा सर्वांत मोठा फायदा वेग नव्हे. प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक मुलाने काय उत्तर दिलं, याची नोंद फुकटात तयार होते. कागदी पेपरमध्ये एकूण गुण तेवढे उरायचे, प्रश्नवार तपशील गठ्ठ्यासोबत रद्दीत जायचा. आता तो सर्व्हरवर असतो, पण तो उघडून बघायची सवय फार थोड्या ठिकाणी आहे.

बघायचं कसं, ते अवघड नाही. समजा १०० मुलांनी परीक्षा दिली. एकूण गुणांप्रमाणे त्यांना ओळीत लावा. वरची २७ घ्या, खालची २७ घ्या. (२७ टक्के हा आकडा संख्याशास्त्रातून आला आहे, टोकाचे दोन गट पुरेसे वेगळे आणि पुरेसे मोठे राहावेत म्हणून.) आता एकेका प्रश्नापाशी थांबा. पहिला प्रश्न वरच्या २७ पैकी २४ जणांना आला, खालच्या २७ पैकी ९ जणांना. फरक १५, त्याला २७ ने भागलं की ०.५६. उत्तम प्रश्न, अभ्यास केलेल्याला आणि न केलेल्याला तो वेगळं ओळखतो. दुसरा प्रश्न वर २६ जणांना आला, खाली २५ जणांना. फरक जवळपास शून्य. सगळ्यांनाच येतो, तेव्हा मुलांना हुरूप यावा म्हणून सुरुवातीला ठेवायला हरकत नाही, पण तो काही मोजत नाही. तिसरा प्रश्न वर १० जणांना आला आणि खाली १४ जणांना. फरक उणे चार. हुशार मुलांना येत नाही आणि कच्च्या मुलांना येतो, हे कसं? बहुतेक वेळा उत्तरसूचीत चूक असते, किंवा दोन पर्याय बरोबर असतात आणि जास्त विचार करणारा मुलगा त्यात अडकतो. ढोबळ नियम असा, की हा आकडा ०.४ च्या वर असेल तर प्रश्न पेढीत जपून ठेवा, ०.२ च्या खाली असेल तर दुरुस्त करा किंवा टाका, आणि उणे असेल तर निकाल लावण्याआधी उत्तरसूची तपासा.

हे सगळं एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतं. निकालाआधी केलं तर चुकीच्या उत्तरसूचीमुळे होणारे मोर्चे, निवेदनं आणि न्यायालयातल्या फेऱ्या वाचतात. लेखी पेपर पडद्यावर तपासला असेल तर प्रश्नवार गुणांवरही जवळपास हेच करता येतं. कोणत्या घटकावरच्या प्रश्नाला सगळ्या कॉलेजांत मिळून सरासरी दहापैकी तीन पडले, हे अभ्यासमंडळाच्या बैठकीत कुणी मांडलं, तर अभ्यासक्रम बदलण्याची चर्चा जरा जमिनीवर येईल.

वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर घेतले की आणखी एक पेच येतो, तो सीईटी देणाऱ्या घरांना चांगला माहीत आहे. सकाळचा पेपर सोपा आणि दुपारचा कठीण निघाला तर काय? त्यावर पर्सेंटाइलचा तोडगा वापरतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्या सत्रातल्या शंभरातले नव्वद जण तुमच्याइतक्या किंवा तुमच्याहून कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही सत्रांत हजारो मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली असतील, तरच ही तुलना न्याय्य ठरते. साठ मुलांच्या दोन तुकड्यांना हे गणित लावायच्या भानगडीत कॉलेजांनी पडू नये.

टाइप करा म्हणजे काय करा?

तिसरा प्रकार, उत्तर टाइप करण्याचा, आपल्याकडे अजून तुरळक आहे. त्याचं मोठं कारण कुणी फारसं बोलून दाखवत नाही, ते म्हणजे कीबोर्ड. मराठी वाङ्मय, इतिहास, समाजशास्त्र मराठीतून लिहिणारा मुलगा मोबाइलवर रोमन अक्षरांतून झरझर मराठी टाइप करतो. परीक्षेच्या संगणकावर इन्स्क्रिप्टचा, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या मांडणीचा कीबोर्ड समोर आला, की ‘दृष्टिकोन’ लिहिताना त्याची गाडी अडते. मग तीन तासांत त्याची समाजशास्त्राची जाण मोजली जाते की बोटांची सवय? रसायनशास्त्राच्या मुलाला रेणूची रचना काढायची असते, वाणिज्यच्या मुलीला खतावणी मांडायची असते. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न. अंध विद्यार्थ्यांसाठी मात्र हाच प्रकार मोठा दिलासा ठरू शकतो. स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर नीट चालत असेल तर लेखनिक शोधत फिरायला नको. पण आकृतीचं वर्णन लिहिलेलं नसेल, गणिती सूत्र नुसतं चित्र म्हणून टाकलेलं असेल, तर ते सॉफ्टवेअर तिथे मुकं होतं. सॉफ्टवेअर विकत घेताना या गोष्टी निविदेत लिहाव्या लागतात, नंतर त्या जोडता येत नाहीत.

घरून परीक्षा घेताना कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या प्रणालींबद्दल मी फार लिहीत नाही. एका खोलीत पाचजण राहणाऱ्या घरात मागून आई गेली तरी ती प्रणाली लाल खूण करते, आणि दुसऱ्या फोनवर उत्तर शोधणारा कॅमेऱ्याच्या कोनाबाहेर सुखात असतो. २०२२ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका संघीय न्यायालयाने परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या खोलीचं कॅमेऱ्याने चित्रण करून घेणं घटनाबाह्य ठरवलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचा पायाच हलला. पहिली प्रतिक्रिया होती यंत्राने लिहिलेलं पकडणारं यंत्र विकत घ्यायची. ते सपशेल फसलं आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध ही साधनं यंत्राचे म्हणून पकडतात. साधी, ठरावीक वाक्यं त्यांना संशयास्पद वाटतात. आपल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं इंग्रजी साधारण तसंच असतं, त्यामुळे असल्या टक्केवारीवरून कॉपीचा ठपका ठेवणाऱ्या कॉलेजाला मुलाने जरूर जाब विचारावा.

सिडनी विद्यापीठाने यावर जरा वेगळा रस्ता धरला आहे. परीक्षेचे सरळ दोन भाग केले. एका भागात विद्यार्थी डोळ्यांसमोर बसून लिहितो किंवा बोलतो, आणि तिथे मदतीची साधनं वापरायची की नाही ते शिक्षक ठरवतो. दुसऱ्यात घरी काम करायचं, एआय वापरायला मोकळीक. आपल्या अंतर्गत गुणांमध्ये हे सहज बसेल. प्रकल्प घरून आणू द्या, एआयची मदत घेऊ द्या, आणि मग त्यावर दहा मिनिटं तोंडी विचारा: हा आकडा कुठून घेतला, ही पद्धत का निवडली, हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग. ज्याने काम केलं आहे तो अडखळत का होईना, बोलतो.

साठ मुलांच्या वर्गाला दहा-दहा मिनिटं म्हणजे एका विषयाचे दहा तास. पाच विषय असतील तर पन्नास. प्राध्यापकाच्या कार्यभारात हे तास आज कुठे मोजले जात नाहीत, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तर त्याचे पैसेही मिळत नाहीत. बेरजा, गठ्ठे आणि मार्कलिस्टा यंत्राकडे गेल्यामुळे वाचलेला वेळ कुठे लावायचा, असा प्रश्न परीक्षा विभागाला पडलाच, तर तो या पन्नास तासांत बसवता येईल. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, वेळापत्रकात एक रकाना वाढवावा लागतो आणि मानधनाच्या परिपत्रकात एक ओळ.